जर्नल, चिठ्ठी आणि क्लासची रँक : परीक्षेच्या दिवसांतल्या खरेपणाबद्दल नेमकी माहिती हवी

गोदाघाट

डिसेंबर सरत आला. नाशिकमध्ये थंडी आणि सबमिशन हातात हात घालूनच येतात. झेरॉक्सच्या दुकानांत गेल्या वर्षीची जर्नलं फिरतायत, क्लासच्या ग्रुपवर रविवारच्या टेस्टची उत्तरं शनिवारी रात्रीच पडतायत, आणि फेब्रुवारी लागला की भरारी पथकाच्या बातम्या सुरू होतील.

कॉपी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे चिठ्ठी येते. माझ्या मते चिठ्ठी ही शेवटची पायरी. पहिली पायरी अकरावीच्या जर्नलमध्ये असते. न घेतलेलं रीडिंग सुबक अक्षरात लिहायचं, त्यावर सही होते, कुणी काही विचारत नाही. खरं करण्यापेक्षा खऱ्यासारखं दाखवणं स्वस्त पडतं, हे पोरगं तिथेच शिकतं.

हा धागा उपदेशाचा नको. खरं काम करायचं तर नेमकं कसं, वेळ किती लागतो, कुठे बिघडतं, नियम काय सांगतात, एवढंच जमवूया. बोर्ड, सीईटी, नीट, इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट, सगळं चालेल. 'आमच्या वेळी' ने सुरू होणारे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर टाका, तिथे जागा भरपूर आहे.

पायलट रीडिंग

बारावीच्या केमिस्ट्रीपासून सुरू करतो. खोटं रीडिंग सगळ्यात लवकर तिथेच उघडं पडतं.

ऑक्झॅलिक ॲसिड विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट, हे टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून किती लागलं ते मोजायचं. ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या नळीत, परमँगनेट. कोनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक, त्यात साधारण अर्धी टेस्ट ट्यूब डायल्यूट सल्फ्युरिक, मग ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं आणि गरम असतानाच टायट्रेट करायचं. पहिला टिकणारा फिका गुलाबी रंग म्हणजे एंड पॉइंट, क्रिया पुरी झाल्याची खूण. ऑक्झॅलिक ०.०५ मोलर आणि परमँगनेट ०.०२ मोलर असेल तर रीडिंग १०.० मिलीच्या आसपास यायला हवं, कारण परमँगनेटच्या दोन मोलला ऑक्झॅलिकचे पाच मोल लागतात.

घोळ इथेच होतो. उत्तर आधी माहीत असतं, मग रीडिंग त्याला बेतून शिवलं जातं. पायलट, म्हणजे पहिलं अंदाजाचं रीडिंग, ९ ते १०, पुढे १०.०, १०.०, १०.०, सीबीआर (पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग) १०.० आणि घरी.

परीक्षकाला हे कळतं कसं? ब्युरेटचा लीस्ट काउंट, म्हणजे सगळ्यात लहान भाग, ०.१ मिली असतो. फार तर अर्धा भाग नजरेने धरून ९.३५ म्हणता येईल. ९.३७ लिहिलं असेल तर ते ब्युरेटवर वाचलेलं नाही, कॅल्क्युलेटरवर उलटं काढलेलं आहे. दुसरं, द्रावणाची तीव्रता टेबलागणिक थोडी वेगळी ठेवता येते. मग एका टेबलाला ९.४ आणि शेजारच्याला १०.६ यायला हवं. दोन्हीकडे १०.० दिसलं की पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. तिसरं म्हणजे तोंडी परीक्षा. 'परमँगनेटचा मेनिस्कस कुठला वाचलास?' मेनिस्कस म्हणजे नळीतल्या द्रावणाचा वाकलेला पृष्ठभाग, आणि द्रावण गडद असल्याने त्याची वरची कड वाचावी लागते. ज्याने एकदा जरी ब्युरेट डोळ्यासमोर धरली आहे तो अडखळत नाही.

आता खरं रीडिंग का बिघडतं ते. नाशिकच्या जानेवारीत सकाळच्या पहिल्या बॅचला द्रावण बर्फासारखं असतं आणि तापवलेलं ऑक्झॅलिक पाच मिनिटांत कोमट होतं. कोमटात रंग उडायला वेळ लागतो, पोराला वाटतं एंड पॉइंट आला, आणि रीडिंग कमी लिहिलं जातं. उलट घाईत उकळू दिलं तर थोडं ऑक्झॅलिक विघटित होतं आणि रीडिंग तेव्हाही कमीच येतं. गुलाबीऐवजी तपकिरी गढूळ झालं तर सल्फ्युरिक कमी पडलं, मँगनीज डायऑक्साइड तयार झालं, तो फ्लास्क ओतून द्यायचा. ब्युरेट फक्त पाण्याने धुऊन लगेच परमँगनेट भरलं तर आतल्या पाण्याने ते पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. म्हणून शेवटचं धुणं परमँगनेटनेच. याउलट कोनिकल फ्लास्क ऑक्झॅलिकने धुवायचा नाही, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा. तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच निघून गेला तर तेवढं रीडिंग जास्त लागतं.

चुकलेलं रीडिंग खोडरबरने पुसू नका. एक आडवी रेघ मारा, शेजारी दोन शब्द लिहा: 'उकळलं, रद्द'. पायलट रीडिंग तर चुकण्यासाठीच असतं, ते पुढच्या तिन्हींशी तंतोतंत जुळलं की उलट शंका येते.

कांदाभजी

हे सगळं ठीक आहे हो, पण खाडाखोड असलेल्या जर्नलवर सही होत नाही. फेअर जर्नल सुबकच लागतं. मुलं उतरवणार नाहीत तर काय करणार?

पायलट रीडिंग

म्हणून रफ वही वेगळी ठेवायची. चाळीस पानी पुरे. प्रयोगाच्या टेबलावर पेनानेच लिहायचं, पेन्सिलीने नाही. तास संपताना त्या पानावर तारीख घालून शिक्षकांची छोटी सही घ्यायची. दहा सेकंदांचं काम आहे. फेअर जर्नल त्यावरून घरी निवांत लिहा, कितीही सुबक. रफ पान आणि फेअर पान जुळलं की ते उतरवणं राहत नाही.

प्रयोग बुडला असेल तर तसं लिहून पुढच्या बॅचला बसायची परवानगी मागा. गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये गेल्या वर्षीच्या द्रावणाचं रीडिंग असतं, ते यंदाच्या बाटलीला लागू पडत नाही.

भिंगरी

फिजिक्सचं थोडक्यात. साधा लंबक, लांबी १ मीटर, एका आंदोलनाला जवळपास २ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना आपला हात सहज ०.२ सेकंद इकडे-तिकडे होतो. एकच आंदोलन मोजलं तर चूक १० टक्के. वीस मोजली तर ४० सेकंदांत ०.२, म्हणजे अर्धा टक्का. वीस आंदोलनं मोजायला सांगतात ती याचसाठी, जर्नल भरायला नव्हे. आणि वीस आंदोलनांची तिन्ही रीडिंग ४०.१, ४०.१, ४०.१ आली तर माणसाचा हात तेवढा नेमका नसतो हे परीक्षकालाही ठाऊक आहे. ३९.९, ४०.२, ४०.१ हे खरं दिसतं कारण ते खरं असतं.

ग्राफवर बिंदू रेषेच्या थोडे वर-खाली पडले तरी रेषा सरळपट्टीने, बिंदूंच्या मधून काढायची. बिंदू पुसून रेषेवर आणून ठेवायचे नाहीत.

लॉग टेबल

बोर्डाच्या परीक्षेच्या खोलीबद्दल लिहितो. नाशिक विभागीय मंडळात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे येतात, नियम राज्यभर एकच.

आधी वेळ. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी मिळायची. पेपर व्हॉट्सॲपवर फिरल्याच्या तक्रारींनंतर २०२३पासून ते बंद झालं आणि तीच दहा मिनिटं शेवटी जोडली. तीन तासांचा सकाळचा पेपर ११ ते २.१०, दुपारचा ३ ते ६.१०. केंद्रावर अर्धा तास आधी हजर राहायचं. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून एसटीने येणाऱ्या मुलांनी एक आधीची गाडी धरावी. नेमका द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम असतो, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअप जास्त असतात.

मुलांना वाटतं चिठ्ठीतून लिहिलं तरच गुन्हा. तसं नाही. चिठ्ठी नुसती जवळ सापडली तरी तो गैरमार्ग. मोबाइल बंद करून खिशात ठेवला तरी गैरमार्ग. स्वतःचा पेपर शेजाऱ्याला दाखवणाराही त्यातच येतो, आणि हुशार मुलं अडकतात ती बहुतेक इथेच. उत्तरपत्रिकेत नोट ठेवणं, 'सर, पास करा' लिहिणं, ओळख पटेल अशी खूण करणं, हेही. कशाला काय शिक्षा ते शिक्षासूचीत असतं. ती शाळेत वाचून दाखवतात, पण तेव्हा मागच्या बाकांवर गप्पा चालू असतात. एकदा स्वतः वाचा.

एक बारीक गोष्ट, माझ्या नावाला जागून. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. जुनं, कुणाकडून घेतलेलं लॉग टेबल असेल तर आदल्या रात्री पान न् पान उजेडात तिरकं धरून बघा. आधीच्या मालकाने पेन्सिलीने लिहिलेली सूत्रं आत दडलेली असतात. पुसली तरी दाब उमटलेला दिसतो. 'हे माझं अक्षर नाही' हे पथकासमोर सिद्ध करत बसण्यापेक्षा नवं घेतलेलं परवडतं. हॉल तिकिटाची मागची बाजू, पॅड, पट्टी, कंपासचं झाकण, सगळं तसंच तपासा.

मेनरोड

कायद्याचं कुणीतरी नीट सांगा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'कॉपी केली तर एक कोटी दंड' असा मेसेज फिरतोय.

लॉग टेबल

दोन कायद्यांची खिचडी झाली आहे.

महाराष्ट्राचा १९८२चा कायदा विद्यापीठ, मंडळ आणि इतर ठरवून दिलेल्या परीक्षांमधल्या गैरप्रकारांसाठी आहे. केंद्राचा सार्वजनिक परीक्षा कायदा २०२४चा, २१ जून २०२४पासून लागू. तो यूपीएससी, एसएससी, रेल्वे भरती, आयबीपीएस, केंद्रीय खात्यांच्या भरती परीक्षा आणि एनटीएच्या, म्हणजे नीट-जेईईसारख्या परीक्षांना लागतो. त्यात साध्या गुन्ह्याला ३ ते ५ वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, संघटित टोळीला ५ ते १० वर्षं आणि किमान १ कोटी दंड आहे. पण हा रोख पेपर फोडणाऱ्यांवर, ओएमआर उत्तरपत्रिका बदलणाऱ्यांवर, केंद्र विकणाऱ्यांवर आहे. परीक्षार्थीवर कारवाई त्या त्या परीक्षेच्या स्वतःच्या नियमांनी होते. बारावीच्या पोराला एक कोटीची भीती घालण्यात अर्थ नाही. त्याचा पेपर रद्द होणं पुरेसं जड आहे.

'पेपर फुटला' म्हणून टेलिग्रामवर पैसे मागतात त्याची युक्ती सांगून ठेवतो. चॅनेलवर आदल्या दिवशी काहीतरी फुटकळ पोस्ट टाकून ठेवायची. परीक्षा झाली की तीच पोस्ट एडिट करून खरा पेपर चिकटवायचा. वर वेळ जुनीच दिसते, शेजारी बारीक अक्षरात 'एडिटेड' असतं ते कुणी बघत नाही. त्या स्क्रीनशॉटवर पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक मिळतं.

याचा अर्थ पेपर कधी फुटतच नाहीत असा नाही. २०२४च्या नीटमध्ये हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण गळती देशभर पसरल्याचा पुरावा नाही म्हणून २३ जुलै २०२४ला सगळी परीक्षा रद्द करायला नकार दिला. त्या दोन महिन्यांत ज्यांनी अभ्यास सोडला त्यांचं नुकसान फेरपरीक्षेविनाच झालं.

ऐंशी वीस

क्लासच्या टेस्टबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. गंगापूर रोड, कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, क्लास कुठलाही असो, पद्धत साधारण सारखी. दर आठवड्याला टेस्ट, रँक पालकांच्या मोबाइलवर, रँकवरून बॅच. एकच पेपर दोन शाखांत वेगवेगळ्या वेळी झाला की सकाळच्या बॅचची उत्तरं दुपारी पोचतात. मूल कॉपी करतं ते परीक्षेच्या भीतीने नव्हे, रात्री नऊला येणाऱ्या एसएमएसच्या भीतीने.

आणि ही कॉपी सगळ्यात महाग पडते, कारण टेस्टचा उपयोगच मुळी चुका शोधायला असतो. एमएचटी-सीईटीचं गणित बघा. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं, म्हणजे १०८ सेकंद. साधारण २० टक्के अकरावीचं, ८० टक्के बारावीचं. हा वेग उत्तरं पाहून येत नाही. केमिस्ट्रीचे सरळ प्रश्न ३०-३५ सेकंदांत उरकायचे आणि वाचलेला वेळ फिजिक्सच्या आकडेमोडीला द्यायचा, हे घड्याळ लावून निदान दहा-बारा पूर्ण पेपर सोडवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

टेस्टनंतर काय करायचं? चुकांची वही. समजा ५० पैकी १८ चुकले. प्रत्येकापुढे एक अक्षर लिहायचं. मा म्हणजे माहीतच नव्हतं, घ म्हणजे आकडेमोडीत घसरलं, वा म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. मा जास्त असतील तर तो धडा पुन्हा. घ जास्त असतील तर नवीन वाचन बंद आणि रोज २० गणितं हाताने. वा जास्त असतील तर 'नाही', 'वगळता', 'चुकीचे विधान' या शब्दांखाली रेघ मारायची सवय. चोरलेल्या उत्तरांची अशी वही होऊच शकत नाही. चार टेस्ट तशा दिल्या की एप्रिलमध्ये हातात रँक असते, पण कुठे चुकतं त्याचं निदान नसतं.

तुक्क्याचंही सांगते. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. नीटला बरोबरला ४, चुकीला उणे १. चारपैकी डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने पाव गुण हाती लागतो. पण ४० प्रश्न असे मारले तर सरासरी १० आणि वर-खाली होणं १४च्या घरात. कधी २४ मिळतील, कधी ४ जातील. दोन पर्याय खात्रीने कापता आले तर मात्र प्रश्नामागे सरासरी दीड गुण, तिथे मारायलाच हवा.

कांदाभजी

म्हणजे प्रामाणिक पोराने खालच्या बॅचमध्ये बसायचं आणि ढापणाऱ्याने वरच्या. वर्गात बाकीचे बोर्डाला कॉपी करून ८५ आणणार, आपलं ६८ वर राहणार. हे न्यायाचं आहे का?

ऐंशी वीस

न्यायाचं नाही. खालच्या बॅचचं नुकसान खरं आहे, तिथे शिक्षक बदलतात, पेपर सोपे होतात. त्यावर पालकांनी चार-पाच जण मिळून क्लासकडे दोन मागण्या कराव्यात. सगळ्या शाखांची टेस्ट एकाच वेळी घ्या, किंवा प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम बदललेले चार संच काढा. खर्च फक्त छपाईचा आहे.

पण ८५ आणि ६८चं पुढे काय होतं ते बघा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला सीईटीचा पर्सेंटाइल मोजतात. बारावीचे फक्त पात्रतेपुरते, तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४०. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून ५० आणि ४०. एनआयटीला मात्र ७५ टक्के किंवा मंडळातले पहिले २० पर्सेंटाइल लागतात, ते वेगळं धरा. म्हणजे सायन्सचं पोरगं चिठ्ठीने जे विकत घेतं ते त्याला बहुतेकदा लागतच नाही. आर्ट्स-कॉमर्सला बोर्डाचे गुण प्रवेशात धरतात तिथे तुमचा मुद्दा खरा आहे, मी तो खोडत नाही.

सावानातला कोपरा

वाचनाच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण 'वेळच उरला नाही म्हणून चिठ्ठी' हेच कारण शेवटी सगळे देतात.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तर उलट, ४२ विरुद्ध ५६. फसगत इथेच आहे. पुन्हा वाचल्यावर 'येतंय' असं वाटतं, आणि ते वाटणं आठवडाभरात विरतं.

करायचं ते असं. धड्याचा एक भाग २५ मिनिटं वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते, आकृतीसकट. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा. तोच कागद दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी न बघता पुन्हा. दहाव्या दिवशी लाल कमी झालेलं दिसतं.

गंमत अशी, की चिठ्ठी नीट बनवायची तर धड्याचा गाभा बारीक अक्षरात उतरवावाच लागतो. तेवढं केलं की अर्धा धडा डोक्यात आलेला असतो. चिठ्ठी बनवा खुशाल, घरी ठेवून या. मायक्रो झेरॉक्सवाल्याला मात्र तेवढाही फायदा नाही.

घरी जागा नसेल तर सार्वजनिक वाचनालय आहे. १८४०चं आहे, पण अभ्यासाला अजून उपयोगी पडतं.

ब्लॅकबुक

आता प्रोजेक्ट रिपोर्ट. '१० टक्के कॉपी चालते' हे वाक्य नाशिकच्या निम्म्या कॉलेजांत ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे.

यूजीसीचे २०१८चे नियम असे. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर एक वर्ष देता येत नाही. ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, नीट श्रेय देऊन घेतलेले उतारे, कायद्याची नावं, प्रमाण समीकरणं आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजणीतून वगळतात. म्हणजे १० टक्के ही मोकळीक नसून योगायोगाला सोडलेली जागा आहे. आणि हे नियम पदव्युत्तर व संशोधन पातळीच्या प्रबंधांना आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातून स्पष्ट वगळलेत. बीईच्या ब्लॅकबुकला, म्हणजे बांधून दिलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टला, कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा स्वतःचा नियम लागतो, तो विभागात लेखी मागा. आपल्याकडे तर पुणे विद्यापीठाची, म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची आणि मुक्त विद्यापीठाची मुलं एकाच खोलीत भाड्याने राहतात. एकाचा नियम दुसऱ्याला सांगितला की घोटाळा.

शब्द बदलून साम्य कमी करायची सॉफ्टवेअरं वापरू नका. 'सिग्नल टू नॉइज रेशो'चं काहीतरी भलतंच होतं आणि व्हायव्हाला पहिला प्रश्न त्याचाच येतो. मूळ पेपर वाचा, बंद करा, गटातल्या मित्राला मराठीत समजावून सांगा, मग इंग्रजीत लिहा. शेवटी मूळाशी ताडून पाहा आणि वाक्य संपताच आकडा घालून संदर्भ द्या. पानाला पाऊण तास लागतो. साठ पानी रिपोर्टमधली अशी पानं पंधरा-वीसच असतात, बाकी तुमचंच काम.

कोडचंही तेच. व्हेरिएबलची नावं बदलून उपयोग नाही. मॉससारखी कोड ताडणारी साधनं नावं टाकून देतात आणि रचनेचे ठसे जुळवतात.

मेनरोड

चॅटजीपीटीने लिहून घेतलं तर पकडतात का? आणि न घेता पकडलं तर?

ब्लॅकबुक

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने यंत्राचं लिखाण ओळखणारं स्वतःचं साधन जुलै २०२३मध्ये मागे घेतलं. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे ते यंत्राच्या लिखाणापैकी २६ टक्के पकडायचं आणि माणसाच्या लिखाणापैकी ९ टक्क्यांवर उगाच ठपका ठेवायचं. २०२३मध्येच स्टॅनफर्डच्या अभ्यासात दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध अशा यंत्रांनी 'यंत्राचे' ठरवले. मराठी माध्यमातून आलेलं पोरगं साधी, सरळ, ठरावीक शब्दांची वाक्यं लिहितं. ठपका आधी त्याच्यावर येतो.

म्हणून पुरावा आधीपासून ठेवा. रिपोर्ट पहिल्या दिवसापासून गूगल डॉक्समध्ये लिहा. फाइलमध्ये व्हर्जन हिस्टरी असते, कुठलं वाक्य कधी आलं ते दिसतं. एकाच मिनिटात चार पानं चिकटलेली असतील तर तेही दिसतं, हे उतरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. कच्च्या आकृत्या, सर्किटचे फोटो, फसलेले आउटपुट तारखेसह एका फोल्डरमध्ये टाका.

यंत्राची मदत गाइडच्या परवानगीने घेतली असेल तर कशासाठी घेतली ते एका ओळीत लिहून टाका. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. अस्तित्वात नसलेले पेपर ते छातीठोकपणे देतं.

शालिमार

पकडलं गेल्यावर काय? ते कुणी सांगत नाही, आणि घाबरलेली पोरं तिथे आणखी वाईट करतात.

लॉग टेबल

चिठ्ठी गिळायची नाही, फाडायची नाही, पळायचं नाही, हुज्जत नाही. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा धरला जातो. जबाब लिहून द्यायला सांगतात. कोऱ्या कागदावर सही करू नका, लिहिलेलं वाचून मग करा. जे घडलं तेवढंच लिहा. चिठ्ठी जवळ होती पण वापरली नव्हती तर तसंच लिहा, कारण चिठ्ठीतला मजकूर आणि उत्तरपत्रिका ताडून पाहतात. वेळ आणि बैठक क्रमांक घाला.

विद्यापीठाच्या परीक्षेत शिक्षा जागेवर ठरत नाही. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळ समिती नेमतं, ती विद्यार्थ्याला बोलावते. त्या तारखेला जायचंच, न गेल्यास एकतर्फी निर्णय होऊ शकतो. आणि त्याच दिवशी घरी सांगा. पत्र येईपर्यंत लपवलेल्या गोष्टीने घरात जो स्फोट होतो तो शिक्षेपेक्षा मोठा असतो.

गोदाघाट

पालकांच्या बाजूने दोन गोष्टी जोडते. टेस्टच्या रात्री मार्क विचारू नका, दुसऱ्या दिवशी ऐंशी वीस यांनी सांगितलेली चुकांची वही मागा. घरी १५० आणि केंद्रावर ९० असा फरक दिसला तर ओरडू नका. घरी उत्तरं बघितली असतील किंवा केंद्रावर हात थरथरले असतील, दोन्हींवर उपाय वेगळा आहे आणि ओरडलेल्या पोराकडून कुठलं ते कळत नाही.

बोर्डात गुण अनपेक्षित कमी आले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानंतरच. मुदत थोडी असते. नापास झाल्यास त्याच वर्षी पुरवणी परीक्षा आहे. झोप उडाली, जेवण सुटलं, 'मी नसतो तर बरं' अशी भाषा आली तर निकालाची वाट न बघता टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

कांदाभजी

पायलट रीडिंग, एक राहिलं. ऑक्झॅलिक ६० अंश झालं हे कसं ओळखायचं? थर्मामीटर आत ठेवूनच टायट्रेट करायचं का? शनिवारी मुलीचं प्रॅक्टिकल आहे.

पायलट रीडिंग

आत ठेवून नको. बघून बाहेर काढा आणि त्याला चिकटलेलं डिस्टिल्ड पाण्याने फ्लास्कमध्येच धुवा, नाहीतर तेवढं ऑक्झॅलिक कमी होतं. थर्मामीटर नसेल तर फ्लास्कच्या तळाला बोट जेमतेम टेकवता येईल इतपत गरम. कागदाची घडी करून मानेभोवती धरायची.

आणि तिला हे सांगून ठेवा: गरम असलं तरी पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग रेंगाळतो. तो एंड पॉइंट नाही. मँगनीजचे आयन तयार झाले की पुढची क्रिया आपोआप वेग घेते. पहिला रंग जाईपर्यंत तोटी बंद ठेवायची, फ्लास्क हलवत राहायचा, मग सोडायचं. शेवटच्या अर्ध्या मिलीला एकेक थेंब, फ्लास्कखाली पांढरी टाइल.